स्वावलंबन कुणाचे, व्यापार कुणाचा?

२०२५ ची बकरी ईद ७ जूनला आली. नमाज, कुर्बानी, वाटे पोहोचवणे हे सगळे आटोपून आम्ही भावंडे दुपारी आपाच्या घरी जमलो. आपा आम्हा तिघांत मोठी. मेहुणे गेल्यापासून तिने तालुक्याच्या बसस्टँडबाहेर भज्यांची गाडी लावली आणि त्या गाडीवर दोन मुली उजवल्या. धाकटा भाऊ गावाकडे पाच एकर कोरडवाहू जमीन कसतो. मी मधला, मास्तरकी करून निवृत्त झालेला. पेपर वाचणे आणि घरातल्या भांडणात मध्यस्थी करणे एवढीच आता माझी कामे.

आठवडाभर आधी, ३० मे रोजी, केंद्र सरकारने पाम, सोयाबीन आणि सूर्यफुलाच्या कच्च्या तेलावरचे मूळ आयात शुल्क २० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आणले होते. आपाला ही बातमी तिच्या किराणा दुकानदाराने सांगितली. भावाच्या मोबाइलवर ती आधीच आली होती.

"डबा आता उतरल म्हणतेत," आपा म्हणाली.

"डबा उतरला की सोयाबीन बी उतरतंय. पेरणी तोंडावर आली आन् ह्यांनी दार उघडलं."

"मग मी काय दोन हजाराच्या वरचा डबा घेऊन पहिल्याच भावात भजी विकू? गिऱ्हाईक दोन रुपये जास्त मागितले तर पलीकडच्या गाडीवर जातंय."

"तुला स्वस्त पायजे म्हणून मी मातीत जाऊ का, आपा?"

दस्तरखानावर एकदम शांतता झाली. भावजयीने उगाचच पाण्याचा तांब्या उचलला. दोघांनी माझ्याकडे पाहिले. "भाई, तुम्हीच सांगा," भाऊ म्हणाला. मी म्हणालो, जेवा आधी. मास्तर लोकांना उत्तर येत नसले की ते असेच काहीतरी सांगतात.

पुस्तकी भाषेत सांगायचे तर माझा भाऊ आर्थिक स्वावलंबनाच्या बाजूचा आणि आपा खुल्या व्यापाराच्या बाजूची. देशाने आपली गरज आपणच भागवावी, की जे बाहेर स्वस्त ते घ्यावे आणि आपले चांगले ते बाहेर विकावे, हा वाद मोठ्या सभागृहांत चालतो. तिथे तो आकड्यांचा असतो. आमच्या दस्तरखानावर तो हक्काचा झाला. एकीची रोजी दुसऱ्याच्या रोजीतून कापून द्यायची का, हा प्रश्न अर्थशास्त्राआधी नीतीचा आहे. त्या दुपारी टाळलेले उत्तर मी इथे शोधून पाहतो आहे.

स्वावलंबनाची बाजू मी भाकरीतून शिकलो. १९७२ च्या दुष्काळात मी दहा वर्षांचा होतो. रेशनवर अमेरिकेची लालसर ज्वारी मिळे, तिला मिलो म्हणत. तिची भाकरी थापता थापता तुटे. दादी ती तव्यावर टाकताना बिस्मिल्ला म्हणायची आणि उलटताना शिव्या द्यायची. तिकडे हे जनावरांना घालतात, असे मोठी माणसे बोलत आणि आम्ही मुले ते ऐकत खात असू. त्याआधी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींनी देशाला सोमवारी एका वेळचे जेवण सोडायला सांगितले होते. अध्यक्ष जॉन्सन तेव्हा गव्हाची जहाजे एकदम न सोडता थोडी थोडी सोडत होते. भारत शेतीत काय करतो आणि व्हिएतनामबद्दल काय बोलतो, या दोन्हींवर त्यांची नजर होती. ज्याने दुसऱ्याच्या मर्जीची भाकरी खाल्ली आहे, त्याला स्वावलंबन हा शब्द पोकळ वाटणार नाही. मला तो कधीच वाटला नाही.

पण त्याच दुष्काळाने आणखी एक गोष्ट दाखवली. पीक गेले असूनही लोक मोठ्या संख्येने भुकेने मेले नाहीत. अब्बा नाला बंडिंगच्या कामावर खडी फोडायला जात आणि आठवड्याच्या मजुरीतून ते मिलो विकत घेत. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी त्या काळात महाराष्ट्रभर पसरली. ज्यां ड्रेझ आणि अमर्त्य सेन यांनी हा दुष्काळ पुढे जगाला उदाहरण म्हणून दाखवला. माणूस उपाशी राहतो तो धान्य कमी पडल्यामुळेच असे नाही, ते घेण्याचा हक्क त्याच्या हातात नसतो म्हणूनही राहतो. तेव्हा आम्हाला कुणी वाचवले? परदेशी ज्वारीने की देशी मजुरीने? मला वाटते, दोन्ही एकत्र आले म्हणून आम्ही वाचलो. यातले एकच असते तर दादीला शिव्या द्यायलाही भाकरी मिळाली नसती.

आता व्यापाराची बाजू. ती आमच्या जिल्ह्याला नवी नाही. धाराशिवजवळचे तेर हे गाव म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अनामिक ग्रीकभाषक व्यापाऱ्याने 'पेरिप्लस' नावाची समुद्रमार्गांची माहिती लिहून ठेवली. तीत तगरचे नाव आहे. पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचे हे मोठे शहर. इथून साधे कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांत भरून, धड रस्ते नसलेल्या मुलुखातून भडोचच्या बंदरावर जाई आणि तिथून जहाजाने पश्चिमेला. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात एक हस्तिदंती पुतळी आहे. इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेईत सापडलेली पुतळी आणि ही पुतळी बहिणी शोभाव्यात. शाळेची सहल नेली की मी मुलांना तिच्यासमोर थांबवायचो. मुलांना डब्यातल्या पोळीची घाई असायची.

गंमत अशी की, त्याच काळात रोममध्ये प्लिनी नावाचा विद्वान तक्रार करत होता. भारत दरवर्षी आपल्या साम्राज्यातून पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो, असा त्याचा हिशोब होता. आज जे आपण आयातीबद्दल बोलतो, तेच तो आपल्या मालाबद्दल बोलत होता. तेव्हा आम्ही निर्यात करणारे होतो. पण हे 'आम्ही' कोण? पेरिप्लसमध्ये तगरच्या कापडाची नोंद आहे, विणणाऱ्याबद्दल एक शब्द नाही. रोमची नाणी गावात आली ती त्याच्या घरापर्यंत पोहोचली का, हे ती पुतळी सांगत नाही. पुढे तो व्यापार ओसरला आणि तगरचे तेर झाले. आज तेर ओळखले जाते ते गोरोबा काकांमुळे, गावासाठी मडकी घडवणाऱ्या एका कुंभारामुळे.

विणकराबद्दल मला जास्त वाटते, त्याला घरचे कारण आहे. आमचे आजोबा मोमीन. हातमागावर लुगडी आणि पासोड्या विणत. तेव्हा हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. मीर उस्मान अली खान यांच्या नावावरून उस्मानाबाद, २०२३ पासून पुन्हा जुने धाराशिव. सोलापूर मात्र इंग्रजांच्या मुलुखात. म्हणजे तुळजापूरचा घाट उतरला की परदेश! मध्ये संस्थानाचा जकात नाका, त्याला करोडगिरी म्हणत. बार्शी लाइट रेल्वे १९११ मध्ये लातूरपर्यंत गेली (लातूर १९८२ पर्यंत आमच्याच जिल्ह्यात होते) आणि मराठवाड्याचा कापूस गाठींनी मुंबईकडे आणि तिथून पुढे जहाजावर जाऊ लागला. आजोबांना सूत लागायचे ते सोलापूरच्या गिरणीचे. अब्बा सांगत, शिवारातला कापूस आमच्या डोळ्यांदेखत बाहेर जायचा आणि सूत होऊन परत येताना नाक्यावर पैसे मागायचा. आजोबांनी शेवटी माग विकला.

त्या संस्थानाला समुद्र नव्हता. मीठसुद्धा बाहेरून येई. १९४८ मध्ये भारत सरकारने संस्थानाची आर्थिक नाकेबंदी केली तेव्हा स्वतःचे नाणे, स्वतःची रेल्वे, स्वतःची करोडगिरी असलेल्या त्या सरकारचे स्वावलंबन किती खोल होते ते लोकांना मिठाच्या चिमटीत कळले. त्या सप्टेंबरात पुढे या जिल्ह्यातल्या मुसलमानांवर काय गुदरले, हा निराळा विषय आहे. तो इथे दोन ओळींत उरकणे बरे नव्हे. मला एवढेच म्हणायचे आहे की देशाची सीमा माझ्या आजोबांच्या आयुष्यात घाटाखाली होती, माझ्या आयुष्यात ती हजार मैल दूर गेली. नाका मात्र राहिला. तो कधी उघडायचा, कधी लावायचा, हे आजोबांना कुणी विचारले नाही आणि भावालाही कुणी विचारत नाही.

भावाच्या शेतात आता खरिपाला सोयाबीन असते. अब्बांच्या वेळी तिथे ज्वारी, तूर, उडीद, अंबाडी आणि रब्बीला शाळू, करडई असायची. भाव पडला तर अब्बा पोते परत आणत. ज्वारी घरात खाल्ली जाई, कडबा बैल खात, करडई तेल्याच्या घाण्यावर जाई आणि पेंड म्हशीला. घर पूर्ण स्वावलंबी नव्हते, मीठ, गूळ, कापड विकतच होते. पण बाजाराला "आज नाही" म्हणण्याची सोय होती. सोयाबीनमध्ये ती नाही. सोयाबीनची भाकरी होत नाही. ते गिरणीलाच घालावे लागते. भाव काहीही असो, आज नाही तर महिन्याने, पण विकावेच लागते. या पिकाची रचनाच बाहेरच्या बाजारासाठी झाली: तेल देशात, पेंड परदेशात. ज्वारी पेरणारा माझा भाऊ आता ज्वारी विकत घेतो.

देश खाद्यतेलात एकदा जवळजवळ स्वयंपूर्ण झाला होता, हे आज पुष्कळांना ठाऊक नसते. १९८६ मध्ये तेलबियांचे तंत्रज्ञान मिशन सुरू झाले आणि नव्वदीच्या सुरुवातीला आयात नावापुरती उरली. १९९४ पासून पामतेल खुले झाले, १९९८ मध्ये शुल्क १५ टक्क्यांवर आले. आज देशाला लागणाऱ्या तेलापैकी निम्म्याहून अधिक बाहेरून येते. इंडोनेशिया-मलेशियाचे पाम, अर्जेंटिना-ब्राझीलचे सोयाबीन, रशिया-युक्रेनचे सूर्यफूल. २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध सुरू झाले आणि त्याच एप्रिलअखेर इंडोनेशियाने आपल्या लोकांना तेल पुरावे म्हणून पामतेलाची निर्यात तीन-साडेतीन आठवडे बंद केली. जकार्तातल्या स्वावलंबनाची झळ आमच्या बसस्टँडवर बसली. आपाने त्या उन्हाळ्यात भज्यांचा आकार लहान केला. गिऱ्हाइकांनी ते ओळखले. ती वाईट वाटून घेते ते दर वाढवल्याचे नव्हे, या लहान भज्यांचे.

म्हणून भावाच्या बाजूने पटकन निकाल देता येत नाही. स्वस्त तेल हा काही श्रीमंतांचा चोचला नाही. सुटे तेल पाव-पाव किलो घेणारी माणसे आमच्याच मोहल्ल्यात राहतात. आयात बंद करा असे म्हणणे म्हणजे त्यांच्या कढईला हात घालणे आहे.

पण सप्टेंबर २०२४ मध्ये काय झाले ते पाहा. तेव्हा शुल्क वाढवले होते, कच्च्या तेलावर शून्यावरून वीस टक्के, आणि सांगितले ते सोयाबीन शेतकऱ्यासाठी. आपाचा डबा आठवड्यात महागला. भावाच्या सोयाबीनला हमीभाव होता ४,८९२ रुपये क्विंटल. त्याचे गेले ४,२०० च्या आतबाहेर. कारण तेलाचे दार लावले तरी पेंडीचे दुखणे राहिलेच. मक्यापासून इथेनॉल काढल्यावर उरणारा चोथा कोंबड्यांच्या खाद्यात स्वस्त पडू लागला आणि परदेशात आमच्या पेंडीला गिऱ्हाईक मिळेना. दार लावले तेव्हा आपाने भरले, भावाला मिळाले नाही. मे २०२५ मध्ये दार उघडले तेव्हा भावाने भरायचे. मधल्या मध्ये कुणीतरी कमावले असणार, पण ते आमच्या दस्तरखानावर नव्हते.

२०२१ मध्ये याच्या उलट घडले होते. सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या वर गेले. अब्बा असते तर त्यांनी शुक्राना अदा केला असता. ऑगस्टमध्ये सरकारने कोंबडीखाद्यासाठी जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची बारा लाख टन पेंड आयात करायला मुभा दिली. हेच बियाणे इथल्या शेतकऱ्याला पेरायची परवानगी नाही. नवे पीक निघेपर्यंत भाव जवळजवळ निम्म्यावर आला. २०२३ मध्ये कांदा. ऑगस्टमध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क, ८ डिसेंबरला निर्यातबंदी, ती उठली ४ मे २०२४ ला. आमच्याकडचा कांदा सोलापूरच्या बाजारात जातो, तिथे ट्रकच्या रांगेत उभ्या माणसाला बंदीची बातमी कळली तेव्हा त्याचा कांदा गाडीत होता. माल चढवताना एक भाव आणि उतरवताना दुसरा!

बकऱ्यांचेही सांगून टाकतो, ईदचा विषय निघालाच आहे तर. उस्मानाबादी शेळी ही आमच्या भागाची खरी कमाई. काळी, काटक, जुळी देणारी, भूमिहीन विधवेलाही परवडणारी. जून २०१८ मध्ये नागपूर विमानतळावरून शारजाला जिवंत शेळ्या-मेंढ्या पाठवायचे ठरले होते. धनगरांच्या हिताची योजना म्हणून ती मांडली गेली होती. जैन संघटनांचा विरोध झाला आणि कार्यक्रम आदल्या दिवशी थांबला. मला त्यांच्या करुणेवर शंका घ्यायची नाही. जिवाबद्दल हळवे असणे वाईट नाही. पण शेळी पाळणाऱ्या बाईचे त्या दिवशी जे बुडाले, ते भरून द्यायचा हळवेपणा कुणी दाखवला नाही.

इब्न खल्दूनने १३७७ मध्ये लिहिलेल्या 'मुकद्दिमा'मध्ये सुरुवातीलाच एक साधा विचार येतो. एकट्या माणसाला एका दिवसाच्या गव्हाचीही सोय करता येत नाही. दळायला, मळायला, भाजायला भांडी-अवजारे लागतात, म्हणजे लोहार लागतो, सुतार लागतो, कुंभार लागतो. माणूस माणसाच्या गरजेतूनच समाज करून राहतो. हे वाचले की स्वावलंबनाचा ताठा जरा उतरतो. माणसाचे जे खरे, ते देशाचेही. रमजानात आपण रोजा सोडतो तो इराकच्या नाही तर सौदीच्या खजुराने, त्यात कुणाला गुलामी वाटत नाही.

मग गुलामी कशात असते? मला वाटते, आपल्याला ज्याची गरज आहे त्याला आपली गरज नसणे, यात. तेरच्या गोरोबा काकांना गावाची गरज होती आणि गावाला त्यांच्या मडक्याची. दोघे बांधलेले. आजोबांना सुताची गरज होती, गिरणीला आजोबांची नव्हती. जॉन्सनसाहेबांना आमच्या दादीची नव्हती. अवलंबन दुहेरी असेल तर त्याला व्यवहार म्हणतात, एकेरी असेल तर मेहेरबानी. आणि मेहेरबानी कधीही परत घेता येते. ती परदेशी माणसाने घेतली काय किंवा दिल्लीने घेतली काय, पाच एकरवाल्याला फरक पडत नाही. देश स्वावलंबी झाल्याने शेतकरी आपोआप स्वावलंबी होत नाही, आणि देशाची निर्यात वाढल्याने विणकराच्या घरात नाणे येत नाही. आपण 'देश' म्हणतो तेव्हा त्या शब्दात कोण कोण बसले आहे, हे दरवेळी मोजून घ्यावे लागते.

हाच इब्न खल्दून पुढे बजावतो की राज्यकर्त्याने व्यापारात उतरू नये, कारण त्याच्या ताकदीपुढे रयतेला सौदा नाकारता येत नाही. आजचे सरकार दुकान मांडत नाही, पण रात्रीतून निघालेल्या एका अधिसूचनेने तेच करते. आपाला तेल स्वस्त मिळावे ही इच्छा चांगली आहे. ती पुरी करायची तर सरकारने आपल्या तिजोरीतून करावी, रेशनवर तेल द्यावे, तेवढा पैसा आपण सगळ्यांनी कर म्हणून भरावा. भावाच्या मालाचा भाव पाडून ती करायची, हा दानधर्म नव्हे. दुसऱ्याचा बकरा कापून कुर्बानी होत नाही, हे आपल्यात पोरासोरांनाही कळते.

याला उत्तर आहे, आणि ते मी मुलाकडून ऐकले. तो पुण्यात नोकरी करतो. तो म्हणाला, "अब्बा, प्रत्येक भाव पडला की सरकारने भरपाई द्यायची म्हटलं तर मग चाचांनी सोयाबीनच का पेरावं, काहीही पेरतील." खोटे नाही. जोखीम कुणीच घ्यायची नाही असा धंदा जगात नसतो. द्राक्षवाल्यांनी २०१० मध्ये युरोपातून माल परत येताना पाहिला, औषधाच्या अंशावरून. तिथला नियम कडक होता आणि इथे त्याची खबर वेळेवर कुणी दिली नाही. पण पुढे बागाईतदार शिकले, तपासणी आली, माल पुन्हा जाऊ लागला. ती जोखीम कळणारी होती. पावसाची जोखीमही माझा भाऊ घेतो, कुरकुर न करता घेतो. मात्र पेरून झाल्यावर खेळाचा नियम बदलणे ही जोखीम नाही. ती वादाखिलाफी आहे. सौदा दोघांच्या राजीखुशीने ठरतो आणि ठरल्यावर एकट्याने मोडायचा नसतो. ज्याला मोडणे भागच असेल त्याने दुसऱ्याचे नुकसान भरावे. मुलाला मी एवढेच म्हणालो. त्याला पटले की नाही, माहीत नाही; त्याला गाडी पकडायची होती.

त्या वर्षी सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये जाहीर झाला. भावाने पाचही एकरांत सोयाबीनच पेरले. मी म्हणालो, एवढे बोलून पुन्हा तेच? तो म्हणाला, "भाई, बियाणं, खत, उधारी, समदं सोयाबीनवरच मिळतंय. ज्वारी पेरतो म्हणलं तर दुकानदार खातं उघडत नाही." सप्टेंबरात भूम-परंड्याकडे नद्या गावात शिरल्या, आमच्याकडे शेंगा भरलेले पीक आठ दिवस पाण्यात उभे राहिले. शुल्क किती टक्के, हा प्रश्नच त्या हंगामापुरता मिटला.

पूर ओसरल्यावर आपा गावाकडे आली. येताना गाडीच्या गल्ल्यातले आठ हजार रुमालात बांधून आणले होते. भाऊ घेईना. "स्वस्त तेलाचे पैसे आहेत, तुझेच समज," ती म्हणाली आणि दोघेही हसले, ईदनंतर पहिल्यांदाच. त्या पैशांतून रब्बीला त्याने एक एकर शाळू आणि बांधाकडेच्या अर्ध्या एकरात करडई टाकली. अब्बांच्या वेळी करडई तिथेच असायची.

"तेल काढलं की पाच लिटर माझं," आपा म्हणाली.

"गाडीवर वापरणार?"

"येडा का तू? करडईच्या तेलात भजी तळून दहा रुपयाला देऊ? घरात खाईन." मग थोडा विचार करून म्हणाली, "गाडीवर पामच."